पत्रास कारण कोंबडा

कुंडाचा पाडा, खोडाळ्याजवळ
१२ जून २०२५

जिजाबाय आणि वामनदाजी यांना नमस्कार,

पत्रास कारण कोंबडा.

तुला वाटलं असेल, भावाचं लग्न झालं, तो घरजावई म्हणून बायकोच्या गावी राहायला गेला, आता पहिल्या पत्रात बायकोबद्दल चार शब्द लिहील. तर कविता बरी आहे. सकाळी डबा घेऊन उपकेंद्रात जाते, पाड्यापाड्यांनी फिरून लोकांना गोळ्या देते आणि घरी आली की मला हसते. सासूबायही बऱ्या आहेत. कोंबडा तेवढा बरा नाही.

तू माझ्या सोबतीला दिलेला आपला मुकादम इथं आल्यापासून एकदाही आरवलेला नाही. दाभोशाला हा सगळ्या गावाच्या झोपेचं खोबरं करायचा. इथं ओट्यावर उभा राहतो, जव्हारच्या रस्त्याकडे बघतो आणि गप्प. सासूबाय विचारतात, "ह्यो मुका हाय का?" मी म्हणतो, नाही, लाजतोय.

लाजतोय मीच, खरं सांगायचं तर. आपलं शेत नदीकाठचं, सपाट. इथं नागलीचं शेत डोंगराच्या अंगावर आहे. आल्यापासून मी त्यावर जेवढा चाललो त्यापेक्षा जास्त घसरलो. काल सासूबायनी शेजारणीला सांगितलं, "आमचा जावई बसून उतरतो, पण लवकर उतरतो." दोघी कौतुकानं हसल्या की कशानं, कळलं नाही. रस्त्यात भेटेल तो विचारतो, "किती दिवस मुक्काम?" पाहुण्याला विचारावं तसं.

निघताना मी तुला म्हणालो होतो ते लक्षात ठेव. भात झोडून होईपर्यंत राहून बघतो. नाही जमलं तर परत येईन. कविताला हे सांगून ठेवलंय. ती "बरं" म्हणाली. पण ती माझ्यासोबत आली तर सासूबाय एकट्या पडतील आणि हा डोंगर एकट्या बाईच्यानं होणारा नाही, हे मलाही दिसतं. म्हणून रात्री उठून मुकादमशेजारी ओट्यावर जाऊन बसतो.

रेंज इथं फक्त टेकडीवरच्या सादड्याच्या झाडाखाली मिळते आणि तुमच्याकडे नदीत उतरलं तरी मिळत नाही, म्हणून पत्र. तुळशीदासच्या जीपनं पाठवतोय. त्याची सासुरवाडी दाभोशाला आहे हे माझं नशीब. बाजाराच्या दिवशी तो इथून निघून जव्हारमार्गे तिकडे मुक्कामाला जातो आणि सकाळी परत येतो. उत्तर त्याच्याकडेच दे.

तुझा
दिपेश

—

दाभोसा
१९ जून २०२५

दिपेश, बाळा,

पत्रास कारण तुझा मूर्खपणा. कोंबडा नेलास आणि डालग्याखाली ठेवला नाहीस? नवीन घरी नेलेलं कोंबडं आधी टोपलीखाली कोंडायचं, तिथंच दाणापाणी द्यायचं आणि मग चुलीभोवती फिरवून सोडायचं. चूल ओळखीची झाली की ते घर धरतं. आपल्या आईनं घरात येणाऱ्या प्रत्येक कोंबडीला फिरवलंय. एकदा मांजराला पण फिरवलं होतं, ते तुला ओरखडलं होतं, आठव.

आता तुझ्याबद्दल. मी नवी नवरी झाले तेव्हा मला पाच बायांनी शिकवून पाठवलं होतं. तुला कोणी काही शिकवलं नाही, कारण नवऱ्या मुलाला असं काही लागतं हे कुणाला सुचलंच नाही. म्हणून मी शिकवते. पहिलं, "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. दुसरं, भाजी अळणी असली तरी आधी खायची आणि मग मिठाची चौकशी करायची. तिसरं, रडू आलं तर पाणी भरायला जायचं, सगळ्या सुना तेच करतात. लोक मुक्काम विचारतात ना, विचारू दे. मला इथले लोक दोन वर्षं "नवी" म्हणत होते, मग मी भांडले आणि जुनी झाले.

माझी काळजी करू नकोस. आई गेल्यावर तुला इथं आणून लहानाचा मोठा केला, पण तू गेलास म्हणून काही मी बसून राहिले नाही. मी बदलाला घाबरणारी बाई नाही. तुझी खाट दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. घर मोकळं झालं, छान हवा येते.

तुझी
जिजाबाय

ता. क. खाट काढलेली नाही. जिथं होती तिथंच आहे, रोज झटकली जाते आणि मला तिच्यावर बसू दिलं जात नाही. पत्र घडी घालायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिलं. – वामन

—

कुंडाचा पाडा
२८ जून २०२५

जिजाबाय,

पत्रास कारण पुन्हा कोंबडा.

तू सांगितलंस तसं डालग्याखाली ठेवला. सासूबायनी डालगं दिलं, वर पाटा ठेवला. मग फिरवायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आलं की इथली चूल भिंतीला चिकटून आहे. भोवती फिरणार कुठून? आपल्याकडे चूल मधे असते हे मी आजपर्यंत कधी बघितलंच नव्हतं म्हण ना.

मी म्हणणार होतो, "आमच्याकडे असं नसतं." जीभ चावली. तुझं पहिलं कलम.

मग विचार केला, चुलीभोवती नाही तर घराभोवती फिरवू, चूल घरातच आहे. मुकादमला काखेत धरून निघालो. घराच्या मागं उतार आहे. दुसऱ्या फेरीला मी आणि मुकादम दोघंही शेजाऱ्यांच्या भोपळ्याच्या वेलात गेलो. शेजारी बाहेर येऊन म्हणाला, "जावईबापू, कठं चालला?" आता काय सांगणार? म्हटलं, इकडंच आलो होतो.

शेवटी कविता म्हणाली, गॅस आहे ना. तिनं शेगडी आणि सिलिंडर ओढून घराच्या मधोमध आणले. मी मुकादमला त्याभोवती फिरवलं, सासूबाय तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. पण गॅसवर कोंबड्याचा विश्वास बसलेला दिसत नाही. बाजाराच्या दिवशी सोडला आणि दुपारी बघतो तर गायब.

पुढचं तुला माहीत आहे. टेकडीवर फोन लागला तेव्हा तुळशीदास जव्हारच्या स्टँडवर होता. म्हणाला, "तुझा मुकादम मागच्या सीटखाली बसलाय. तिकीट कोण देणार?" मी मिळेल त्या जीपनं निघालो, अंधार पडता पडता तुमच्याकडे पोचलो आणि सकाळी त्याला घेऊन परत आलो. समोर असताना तुला विचारायचं राहिलं. तो आपोआप जीपमध्ये कसा चढला असेल? त्याला गाडी कळते?

आणि बाय, तुझ्या हातची भाकरी खाऊन बरं वाटलं. खाट खरंच तिथंच होती.

तुझा
दिपेश

—

दाभोसा
१० जुलै २०२५

दिपेश,

पत्रास कारण तोच.

आज परत आला होता. तुळशीदासनं दार उघडलं आणि मुकादम सभापतीसारखा उतरला. पोरं मागं धावली. त्याच्या मागोमाग तूही येशील म्हणून मी वालाची भाजी टाकली होती, पण तू भाताच्या आवणीत अडकलास असं तुळशीदास म्हणाला. आवणी सोडून कोंबड्यामागं यायचं नाहीच, बरोबर केलंस. भाजी आता आम्ही दोघं दोन दिवस खाऊ.

कोंबडा परत पाठवतेय. चांगला बांधून ठेव. त्याला कडक बोलले आहे. इथं तुझं काही नाही, तुझं घर आता तिकडं आहे, असं तोंडावर सांगितलं. माणसानं काय आणि कोंबड्यानं काय, नव्या जागी मन लावलं पाहिजे.

तुझी
जिजाबाय

ता. क. कडक बोलताना हातात खुरासणीच्या दाण्यांचा वाडगा होता. मूठ मूठ चारत होती आणि "लवकर ये" म्हणत होती. मी साक्षीला आहे. – वामन

ता. क. वरचं वाचू नकोस. – जिजाबाय

—

कुंडाचा पाडा
३१ जुलै २०२५

जिजाबाय,

आवणी संपली. पाठ आहे की नाही ते चाचपून बघतोय.

मुकादम आणखी दोनदा पळाला, दोन्ही वेळा मी मागं आलो, तुला माहीतच आहे. इथं आता हसतात. बाजारात एकानं विचारलं, "कोंबडा सासरी नांदत नाही म्हणं?" सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. मग पाणी भरायला गेलो. तुझं तिसरं कलम. सासूबाय म्हणाल्या, "एवढं पाणी कशाला, जावईबापू? पिंप भरून वाहतंय."

एक सांगू? मला वाटायला लागलंय की त्या मुक्या जनावराला कळतं ते मला कळत नाही. त्याला खायला आहे, ओटा आहे, सासूबाय त्याला माझ्यापेक्षा जास्त बोलतात. तरी तो परत जातो. म्हणजे ज्याची जागा जिथं, तिथंच ती. मी झोडणीपर्यंत म्हणालो होतो. आता वाटतं की गौरीच्या सणाला येतो तोच राहायला येतो. कविताला अजून बोललो नाही. ती संध्याकाळी माझ्या पायाचे काटे काढते आणि काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काय करू ते लिही. आणि दाजींना लिहू दे, त्यांचं खालचं मी आधी वाचतो.

तुझा
दिपेश

—

कुंडाचा पाडा
७ ऑगस्ट २०२५

नणंदबाय यांना कविताचा नमस्कार,

ह्यांना न सांगता लिहितेय. तुळशीदासला शपथ घातली आहे, पण तो जास्त दिवस गप्प राहील असं वाटत नाही. आधीच त्याचं पोट फुटायला आलंय.

मुकादम पळत नाही. त्याला माझी आई जीपमध्ये बसवते.

मला गेल्या बाजाराच्या दिवशी कळलं. बाजारातून लवकर आले तर आई पदराखाली काहीतरी झाकून रस्त्याकडे चालली होती आणि पदर फडफडत होता. विचारलं तर आधी म्हणाली, वांगी आहेत. मग रडायलाच लागली. म्हणाली, "पोरगं घराकडं तोंड करून बसतं गं. जा म्हटलं तर लाजतं, नाय जायचा. कोंबडा पळाला तर त्याला जावं लागंल. आपल्या माणसात एक रात निजंल, परत येल." तुळशीदासला ती दर वेळी उडदाचे पापड देते, म्हणून तो बोलत नाही.

माझ्या आईनं बिचारीनं जावयाला माहेर मिळावं म्हणून हे केलं. आणि ह्यांनी अर्थ लावला की कोंबड्याला पण इथं करमत नाही! परवा रात्री झोपेत म्हणाले, "मुकादम, तुझं बरोबर आहे." मला हसू पण आलं आणि भीती पण वाटली.

ते परत जातो म्हणाले तर मी त्यांच्यासोबत येईन, तसं ठरलं आहे. पण आईला एकटीला सोडून मी सुखानं जेवेन असं नाही. तुम्ही मोठ्या आहात. काय करू?

आणि एक विचारू का, रागावू नका. तिकडून आला की मुकादमचं वजन वाढलेलं असतं. तुम्ही त्याला काय चारता?

तुमची
कविता

—

दाभोसा
१४ ऑगस्ट २०२५

कविता आणि सोमीबाय,

हे पत्र दिपेश नसताना वाचा.

तुमचं वाचून मी आधी हसले, मग यांच्यावर ओरडले, कारण हे माझ्याआधीच हसत होते. खुरासणी चारते मी. कधी गूळ लावून. दर बाजाराच्या दिवशी जीपचा आवाज आला की माझा हात आपोआप वाडग्यात जातो. कोंबडा आला म्हणजे मागून दिपेश येणार. तिकडून सोमीबाय त्याला बसवतात, इकडून मी त्याला बोलावते, आणि मधल्या मधे त्या कोंबड्याला वाटत असेल की आपली नोकरीच आहे ही.

सोमीबाय, तुमच्या पाया पडते. माझ्या भावाचं मन राखायला तुम्ही पदराखाली कोंबडा घेऊन रस्त्यापर्यंत गेलात. मी मात्र त्याला तिकडं रमायला सांगत होते आणि इथं वाडगा घेऊन बसत होते.

असं करू या. तुम्ही बसवू नका, मी चारणार नाही. त्याला यायचं असेल तर कोंबड्याशिवाय येऊ दे, राहायचं असेल तर कोंबड्याशिवाय राहू दे. खरं काय ते त्याला सांगून टाका, म्हणजे कोंबड्याकडून अक्कल घ्यायचं तरी थांबेल.

जिजा

ता. क. खुरासणीचा डबा माझ्या ताब्यात घेतला आहे. – वामन

—

कुंडाचा पाडा
१२ नोव्हेंबर २०२५

जिजाबाय, दाजी,

मध्ये तीन महिने गेले. सणाला येऊन गेलो तेव्हा मी या विषयावर बोललो नाही, तूही बोलली नाहीस. दाजी हसू दाबायला सारखे खोकत होते, ते मी ऐकलं.

कविताने मला सगळं सांगितलं तेव्हा मी आधी सासूबायवर रागावलो. मला फसवलं म्हणून. त्या म्हणाल्या, "मग काय, तुला बांधून ठिवाय पायजे होता?" आजवर "जावईबापू" म्हणायच्या, त्या दिवसापासून "तू" म्हणतात. मला ते आवडलं.

त्यानंतर त्यांनी मुकादमला जीपमध्ये बसवला नाही. मी, कविता, सासूबाय, तिघं बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून बघत होतो. जीपचा हॉर्न वाजला. मुकादम उठला, पंख झटकले, उतारावरून रस्त्यापर्यंत चालत गेला आणि जाऊन मागच्या सीटवर बसला! कुणी बसवला नाही, कुणी बोलावला नाही. तुळशीदास कपाळाला हात लावून उभा.

आणि बाय, जीप वळणावर गेली तेव्हा तो आरवला. इथं आल्यापासून पहिल्यांदा. त्याला दाभोसाही नको होता आणि कुंडाचा पाडाही नको होता. त्याला फिरायला आवडतं! मी बापडा त्याच्याकडून शहाणपण शिकत होतो.

कविता म्हणाली, "जायचं का मागं?" मी म्हटलं, कशाला, सकाळी येईल. आणि नागली कापायला गेलो. वर चढून कापत कापत खाली उतरलो, शेजारी म्हणाला, "आज पायावर उतरलास." तेव्हा कळलं की मी घसरलो नाही. कधीपासून घसरत नाही तेही आठवेना.

परवा भात झोडून झालं. मी म्हणालो होतो ती मुदत. रात्री कविता पेंढा उगाच इकडून तिकडं करत होती. सकाळी उठलो तर सासूबायनी भिंतीजवळची चूल फोडलेली. मला वाटलं, झालं, घर मोडलं. तर त्या मातीचे हात घेऊन घराच्या मधोमध बसलेल्या, नवी चूल लिंपत. भिंतीपासून लांब, चारी बाजूंनी मोकळी.

म्हणाल्या, "तुमच्याकडं असती तशी. ती गॅसची फिरवाफिरवी मला आधीपासून खोटीच वाटत होती."

मी मुकादमला धरायला निघालो. त्यांनी माझा हात धरला. "त्याला नाय. तूच फिर."

कविता हसून हसून खाली बसली. मी फिरलो, बाय. एवढा मोठा माणूस, सासूनं हात धरलेला, ओल्या चुलीभोवती. शेजारी दारातून बघत होता, त्याला काय वाटलं देव जाणे. मला रडू आलं आणि या वेळी मी पाणी भरायला गेलो नाही.

आता कुणी विचारत नाही, किती दिवस मुक्काम. विचारलं तरी उत्तर तयार आहे. मी राहतोय.

तू रागावू नकोस. मुकादम आला तर दाणे टाक, पण थोडेच, जीपमध्ये त्याला जडपणा येतो. आणि त्याच्यामागं नाही, पण नवा तांदूळ घेऊन आम्ही तिघं येऊ. सासूबायना तुला बघायचंय.

तुझा
दिपेश

—

दाभोसा
२० नोव्हेंबर २०२५

दिपेश,

पत्रास कारण काहीच नाही.

तुझं पत्र यांनी मोठ्यानं वाचलं. मी "बरं झालं" म्हणाले आणि भाकऱ्या थापायला बसले. थापून झाल्यावर बघते तर तुझ्या वाटणीची पण थापली होती. तू गेल्यापासून मी रोज ती थापतेय आणि रोज यांना जास्तीची खायला लावतेय. यांचं पोट का सुटलं, ते आज कळलं मला.

मला वाईट वाटलं, दिपेश. आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं आहे. तुला सगळी कलमं शिकवली, पण तू नसलेल्या घरात कसं राहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तव्याखालचा जाळ ओढला, उठले, पदर खोचला आणि आपल्या चुलीभोवती फिरायला लागले. एकटीच. हे म्हणाले, "जिजा, काय करतेस? काही हरवलं का?" म्हटलं, नाही, या घरात मी नवीन आहे. दिपेश नसलेलं घर आहे हे. चूल ओळखीची करून घेतेय.

हे उठले, धोतर सावरलं आणि माझ्या मागून फिरायला लागले. तेवढ्यात पत्रासोबत जीपनं आलेला मुकादम अंगणातून आत आला. तोही आमच्या मागं. तिघं फिरलो.

तांदूळ घेऊन या. खाट आता भिंतीकडे सरकवली आहे, खरंच. सोमीबायना तिच्यावर निजवू, तू खाली सतरंजीवर.

तुझी
जिजाबाय

ता. क. खाट खरंच सरकवली आहे. मी तिच्यावर बसून लिहितोय. – वामन